चोवीस फुटी पडदा

१

"मावशी, पडदा गेला," भाची फोनवर म्हणाली.

सकाळचे नऊ वाजले होते आणि मी चष्मा शोधत होते. चष्मा नसला की मला ऐकूही कमी येतं, असं घरातले म्हणतात.

"गेला म्हणजे? फाटला?"

"फाटला असता तरी चाललं असतं गं. जागेवरच नाही. काल संध्याकाळी सातला मी स्वतः बघून निघाले होते. आत्ता येऊन बघते तर समोर नुसतं मोकळं स्टेज. आणि तीन वाजता परीक्षक येतायत."

चष्मा डोक्यावरच होता. तो डोळ्यांवर घेतला आणि खुर्चीत बसले.

हा पडदा म्हणजे आमच्या सभागृहाचा दर्शनी पडदा. चोवीस फूट रुंद, सोळा फूट उंच, जाड कापडावर हातानं रंगवलेला. त्यावर एक तळं, तळ्याकाठी दगडी पायऱ्या, मागं बाग, आणि मध्यभागी माणसांनी भरलेली एक नाव. सभागृह ऐंशी वर्षांचं, आणि पडदाही तेवढ्याच वयाचा, असं सगळे म्हणत. मी तिथं एकेचाळीस वर्षं नाटकांचे कपडे शिवले. मला तिथं अजून सुईताई म्हणतात. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून नऊ वर्षांत मात्र मी तिकडं फिरकले नव्हते.

भाची तिथली सचिव. पगार नावापुरता, काम मात्र ढीगभर. नगरपालिका दरवर्षी जुन्या कला आणि जुन्या वस्तू जपण्यासाठी एका संस्थेला वारसा अनुदान देते. त्या अनुदानासाठी पडद्याला पुढं करून तिनं अर्ज केला होता. छत गळत होतं, दोर कुजले होते. अनुदान नाही मिळालं तर येत्या एक तारखेला सभागृह एका गादीवाल्याला गोदाम म्हणून द्यायचं, असं विश्वस्तांनी ठरवून टाकलं होतं. ही गोष्ट विश्वस्तांना, भाचीला आणि मला, एवढ्यांनाच ठाऊक होती. इतरांच्या जिवाला घोर नको म्हणून भाचीनं ती कुणाला सांगितली नव्हती.

"पोलिसांना कळवलंस?"

"कळवलं तर बातमी होईल. बातमी झाली की परीक्षक यायचेच नाहीत. तू ये ना. तिथला खिळा न् खिळा तुला ठाऊक आहे."

"येते. चोरानं कुलूप तोडलंय की दार?"

तिनं आवाज खाली आणला.

"तेच सांगायचं होतं. काहीच तोडलेलं नाही. कुलपं जशीच्या तशी आहेत."

२

सभागृहाला दारं दोन. पुढच्या दाराला लागून अरुंद बोळ आणि त्याला काटकोनात वळण. मागचं दार गल्लीत उघडतं, आणि त्या दारासमोर सायकल दुरुस्त करणारा सकाळी पाचपासून बसलेला असतो. त्याला मी आधी गाठलं.

"पाचपासून आत्तापर्यंत या दारातून काय काय बाहेर पडलं?"

"कचऱ्याची बादली," तो म्हणाला. "आणि रखवालदार, कुलूपकाका. चहा प्यायला. दोघंही परत आत गेले. कचरागाडी आली नाही, म्हणून बादली भरलेलीच."

"आणि पाचच्या आधी?"

"माझं घर वरच आहे, सुईताई. त्या दाराची बिजागरी कुरकुरली की आमची म्हातारी उठून बसते. काल रात्री ती घोरत होती."

मी आत गेले. तीच थंडी, तोच जुन्या लाकडाचा वास. शेवटच्या रांगेतल्या एका खुर्चीचा पाय पूर्वी विटेवर टेकवलेला असे. आता विटेच्या जागी जाड पुस्तक होतं. संस्कृती पुढं गेली म्हणायची.

स्टेज मोकळं होतं. आत अंधुक राखाडी काहीतरी दिसत होतं, बस. भाची हात चोळत उभी होती. तिला हे दृश्यच नवीन होतं. बारा वर्षांपूर्वी दोर कुजले तेव्हापासून पडदा खालीच असायचा आणि सगळे कार्यक्रम त्याच्या पुढच्या पट्टीवर व्हायचे. तिला इथं येऊन तर तीनच वर्षं झाली होती.

"चोवीस फुटांचा दांडा आहे पडद्याला," मी म्हणाले. "गुंडाळला तरी चोवीस फूट लांब नळकांडं होणार. ते त्या बोळाच्या वळणातून जाणार कसं?"

"मग आत आलं कसं?"

"माझ्या आधी इथं शिवणाऱ्या बाई सांगायच्या, पडदा आधी आत आला, मागची भिंत नंतर पुरी झाली."

"म्हणजे दांडा काढून घडी घातली असेल."

"घडी घातली असती तर रंग झडला असता. ऐंशी वर्षांचा रंग तो. बोट लावलं तरी पापुद्रे निघतात. खाली बघ, एक तरी पापुद्रा दिसतोय?"

"काकांनी झाडलंय सकाळी."

मग मी कचऱ्याची बादली मागवली आणि वर्तमानपत्रावर उपडी केली. भाचीनं नाक मुरडलं. दोऱ्याचे तुकडे, चॉकलेटचा कागद, एक बटण, खूपशी धूळ. रंगाचा एक कण नाही.

"आता ते दोर आण इकडं."

वरून तीन दोर लोंबत होते. टोकं कापलेली नव्हती, गाठी सोडवलेल्या होत्या. आणि आमची पडद्याची गाठ अशी, की ओढाल तितकी आवळत जाते. नवख्या माणसानं सोडवायला घेतली तर नखं जातात. सोडवून झाल्यावर खालच्या टोकांची वेटोळी करून ती खुंटीला अडकवलेली होती.

"या इमारतीत ये-जा करणाऱ्यांत ही गाठ सोडवू शकतील अशी दोनच माणसं," मी म्हणाले. "एक कुलूपकाका."

"आणि दुसरं?"

उत्तर द्यायची गरजच पडली नाही. बोळातून ढोल गडगडत आला आणि त्याच्या मागून बँडमास्तर.

३

बँडमास्तरांच्या पोटाचा आणि ढोलाचा घेर एकच. त्यांची तालीम दर गुरुवारी संध्याकाळी याच सभागृहात होते, म्हणजे कालही झाली होती. ढोल दोरांनी ताणलेला. ते रोज त्या गाठी सोडतात आणि बांधतात. शिवाय त्याच अनुदानासाठी त्यांचाही अर्ज होता. त्यांच्या बँडचा ढोल नव्वद वर्षांचा, आणि परीक्षक त्यांच्याकडे त्याच दिवशी पाच वाजता जाणार होते.

"सुईताई, तुम्ही अजून आहात?" ते म्हणाले.

"तुमचा कोट कुणी उसवायचा, म्हणून थांबलेय."

"सकाळी न्हाव्याकडं कळलं पडद्याचं. म्हटलं, लोक माझंच नाव घेणार. त्यापेक्षा आपणच तोंड दाखवून यावं. तालमीनंतर ढोल पुढच्या दाराशीच ठेवतो, तो न्यायला आलो होतो, घेऊन तसाच आत आलो."

"घेतलंच आहे तुमचं नाव. काल किती वाजता गेलात?"

"पावणेसातला. पडदा होता. म्हणजे असणारच. मी त्याच्याकडं पाठ करून उभा असतो. पण नसता तर आवाजावरनं कळलं असतं."

"पडदा नसला तर फायदा तुमचाच."

"आहे की," त्यांनी सरळ कबूल केलं. "पण सुईताई, पैशांअभावी उद्या हे छत खाली आलं तर मी तालीम कुठं घेऊ? घरी? बायकोनं मागच्याच वर्षी ट्रम्पेट माळ्यावर टाकलाय." त्यांनी सवयीनं ढोलावर एक टोला हाणला आणि कपाळाला आठी घातली. "काय झालंय याला? गादीवर वाजवल्यासारखं येतंय. कातडं सैल झालं बहुतेक."

त्यांनी आणखी एकदा वाजवला. धप्. आवाज निघाला आणि तिथंच बसला. मी ऐकलं, पण त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही. माझं लक्ष त्यांच्या पुढच्या वाक्याकडं गेलं.

"मला विचाराल तर त्या अर्जवाल्याला धरा. काल तालीम चालू असताना स्टुलावर चढला होता. हातात टॉर्च आणि भिंग. त्या नावेतल्या माणसांना जवळून बघत होता. बघता बघता खाली उतरला, घाम पुसला आणि म्हणाला, 'मेलो.'"

४

अर्जवाले म्हणजे संस्थांना अनुदानाचे अर्ज लिहून देणारे गृहस्थ. आमचा अर्ज त्यांनीच लिहिला होता. सत्तेचाळीस पानं. त्यातलं मला एकही वाक्य एका श्वासात वाचता आलं नव्हतं. ते साडेदहाला आले आणि मोकळं स्टेज पाहून चक्क सुटकेचा श्वास टाकला. तो मी नीट पाहिला.

"बसा," मी म्हणाले. "काल मेला होतात म्हणे. आज बरं वाटतंय?"

त्यांनी भाचीकडं पाहिलं. भाचीनं खिडकीकडं पाहिलं.

"आजी, तुम्हाला यातलं तांत्रिक कळणार नाही," ते म्हणाले.

"मला शिवणातलं कळतं. कुणी ठिगळ लावून वरून इस्त्री फिरवली असेल तर तेही कळतं. काय पाहिलंत भिंगातून?"

ते बुटाचं टोक न्याहाळू लागले. बुटाला नाडी नव्हती. हा माणूस आमची गाठ सोडवेल, हे मला शक्य वाटेना.

"अर्जात मी लिहिलंय, रंगकाम पूर्णपणे मूळ, कुणाचाही हात न लागलेलं," ते शेवटी म्हणाले. "मला तसं सांगितलं होतं. काल पाहतो तर मधली नाव नंतरची. रंग वेगळा, कुंचला वेगळा. बाकीचं चित्र ऐंशी वर्षांचं असेल. नाव फार तर पस्तीस वर्षांची."

"छत गळलं होतं त्या वर्षी," मी म्हणाले. "मधला भाग धुऊन गेला होता. आमचा पडदे रंगवणारा रंगोबा, त्यानं पुन्हा रंगवला."

"हे तुला माहीत होतं?" भाची वळून म्हणाली. "मावशी, मला सांगायचं ना."

"तू अर्ज दाखवलास तेव्हा पानं सत्तेचाळीस होती आणि माझा चष्मा सापडत नव्हता."

"येणाऱ्या परीक्षक बाई चित्रांच्याच जाणकार आहेत," अर्जवाले म्हणाले. "पाच मिनिटांत ओळखतील. खोटं लिहिलं म्हणून माझं नाव काळ्या यादीत. तेव्हा खरं सांगायचं तर, आज पडदा दिसला नाही याचं मला वाईट वाटत नाही. पण नेला मी नाही. मी काल सहाला इथून निघालो. अर्जाची एक प्रत दाराशी काकांच्या टेबलावर ठेवली, परीक्षकांना देण्यासाठी, आणि थेट घरी गेलो."

"नाव नंतरची आहे, याबद्दल अर्जात अवाक्षर नाही?"

"तसं थेट नाही. कामाच्या टप्प्यांत एक नेहमीचं वाक्य असतं. सगळ्याच अर्जांत घालतो मी." त्यांनी पान उलटून वाचलं. "'टप्पा दुसरा. नंतरच्या काळात चढवलेले रंग काढून टाकून मूळ चित्र उघड करणे.'"

"आणि ही प्रत रात्रभर काकांच्या टेबलावर होती?"

"हो. त्यात काय एवढं? ते कशाला वाचतायत."

५

कुलूपकाकाला मी काका म्हणत नाही. तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तरुणपणी पडद्याचे दोर ओढायचा, पुढं रखवालदार झाला. चाव्यांचा जुडगा कमरेला, म्हणून कुलूपकाका. त्याची बायको तिकिटाच्या खिडकीत बसायची. आम्ही तिला तिकीटवहिनी म्हणायचो. तिला जाऊन सव्वीस वर्षं झाली.

त्यानं माझ्यापुढं चहा ठेवला. साखर न विचारता दोन चमचे. नऊ वर्षांनीही लक्षात होतं त्याच्या.

"कुणाला पडदा नेताना पाहिलंस?"

"नाही, सुईताई. कुणालाच नाही."

"कुणी कुलूप उघडलं?"

"माझ्याशिवाय कुणी नाही."

"पडदा बाहेर गेला का?"

"माझ्यासमोर तरी गेला नाही."

एवढं बोलून तो कपबशी विसळायला उठला. हा माणूस जन्मात खोटं बोललेला नाही. एकदा एका नटाचा मिशीचा डबा हरवला होता, तेव्हा यानं स्वतःहून सांगितलं होतं की आपण त्यावर बसलो. आजही तो मला खरंच सांगत होता. फक्त मोजून मापून सांगत होता, आणि ती काही त्याची रीत नव्हती.

"टेबलावरचा अर्ज वाचलास?"

नळ चालू होता. त्यानं तो जास्त सोडला.

मी चहा प्यायले आणि बसल्या जागी एकेक धागा ओढून पाहू लागले. बोळातून चोवीस फुटी दांडा जात नाही. घडी घातली असती तर रंग झडला असता, आणि रंग झडलेला नाही. म्हणजे ज्यानं काढला त्यानं आमच्या पद्धतीनं काढला, रंगाची बाजू बाहेर ठेवून. नवखा माणूस चित्र जपायचं म्हणून ते आतल्या बाजूला घेतो, आणि तिथंच रंगाला सुरकुत्या पडून तो सुटतो. रंगोबा नव्या पोरांना हेच सगळ्यात आधी शिकवायचा. तेव्हा पडदा नीट गुंडाळलेला असणार, आणि नीट गुंडाळलेला पडदा या इमारतीबाहेर जाऊ शकत नाही.

मग तो आतच आहे. पण चोवीस फूट लांबीची वस्तू मावेल अशी इथं जागा कुठं? खुर्च्यांखाली नाही, माळ्यावर नाही, माळा सोळाच फुटांचा.

तेवढ्यात बाहेर बँडमास्तरांनी ढोल पुन्हा एकदा वाजवून पाहिला. धप्.

मी कप खाली ठेवला.

स्टेजची मागची भिंत कोरी विटांची होती. पडदा वर गेला की आमच्या नटांना दर वाक्यामागं थांबावं लागे, एवढा आवाज घुमायचा. मागं लावायचा साधा पडदा होता, पण तो विरला तेव्हा मी स्वतः त्याच्या पिशव्या शिवल्या होत्या. मोकळं स्टेज म्हणजे विहीर. आज दर्शनी पडदा नाही, मागं कोरी भिंत आहे, तर मग ढोल घुमत का नाही?

मी भाचीला हाक मारली. "हात दे. मला वर चढायचंय."

६

सहा पायऱ्या होत्या. गुडघ्यांनी प्रत्येकीचा हिशेब मागितला.

वर अंधुक उजेड होता. मागच्या भिंतीलगत, वरपासून खालपर्यंत, एक राखाडी कापड ताणून लावलेलं होतं. एक सुरकुती नाही. खालून ते मला भिंतच वाटलं होतं.

"हा तर नेहमीचाच मागचा पडदा ना?" भाची म्हणाली. "इथंच असतो की."

"तू कधी पाहिलायस?"

ती विचारात पडली. "नाही. पण असेलच, असं वाटलं."

मी कापडाच्या जवळ गेले. उजव्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर, वीतभर ठिगळ होतं. माशाच्या काट्यासारखा तिरका टाका, लाल दोऱ्याचा. त्या दिवशी पांढरं रीळ संपलं होतं आणि नाटक सुरू व्हायला पंधरा मिनिटं होती. पाठीमागून कुणाला दिसतंय, म्हणून मी लाल दोरा ओवला होता.

माझा सगळा जन्म पडद्यामागं गेला. लोकांनी तळं पाहिलं, बाग पाहिली. मी पडद्याची पाठ पाहिली. तिची शिवण न् शिवण मला पाठ होती.

"हा दर्शनी पडदा आहे," मी म्हणाले. "तोंड भिंतीकडं करून लावलाय."

भाचीनं कडेनं कापड जरासं उचललं आणि टॉर्च आत धरला. दगडी पायरीचा एक कोपरा दिसला. तिनं कापड हळूच परत सोडलं.

"कुणी केलं हे?"

"मी," विंगेतून आवाज आला.

कुलूपकाका चाव्या मुठीत धरून उभा होता, वाजू नयेत म्हणून.

"एकट्यानं?" मी विचारलं.

"दांडा टेकवायच्या चाकाच्या घोड्या आहेत अजून. वजनाला वाळूच्या पिशव्या. पहाटे चारला सुरुवात केली, सातला झालं."

"शाबास म्हणायला पाहिजे," मी म्हणाले. "पण का रे?"

कडेनं आत शिरून भिंत आणि पडदा यांच्या मधून चालत तो मध्यापर्यंत गेला आणि आम्हाला बोलावलं. फूटभर जागा होती. भाची पुढं, मी मागं, पाठ विटांना घासत. त्यानं टॉर्चचा उजेड नावेवर टाकला.

नावेत आठ माणसं होती. पुढं बसलेल्या बाईच्या हातात कागदांची चवड होती आणि ती अंगठ्याला थुंकी लावून ते मोजत होती. ओठ किंचित उघडे. ती आता मान वर करून 'सुटे द्या' म्हणेल, असं मला वाटलं.

"वहिनी," मी म्हणाले.

"फोटो काढायची वेळ आली की ती उठून आत जायची, तुम्हाला आठवतं ना. एकही फोटो नाही. रंगोबानं तिला न सांगता, खिडकीसमोर बसून काढली. दिवे बंद करायच्या आधी मी रोज एकदा बघतो. काल तो कागद वाचला. वरचे रंग खरवडून काढणार म्हणे. टप्पा दुसरा. मग म्हटलं, आज तपासणीला पडदा दिसला नाही तर यंदाचं टळेल. पुढच्या वर्षीचं पुढं बघू."

"पुढचं वर्ष नाही, काका," भाची हळूच म्हणाली. "आज नाही झालं तर एक तारखेला सगळंच गादीवाल्याला जाणार. पडदा कापून गाद्यांवर टाकतील. तुम्हाला त्रास नको म्हणून मी सांगितलं नव्हतं."

त्यानं टॉर्च विझवला.

"किती वाजले?" अंधारातून त्यानं विचारलं.

"साडेअकरा."

"परत पुढं चढवायला चार माणसं लागतील."

७

चौथे बँडमास्तर. अर्जवाल्यांनी कोट काढला आणि मला पहिल्यांदाच ते माणसासारखे वाटले. अडीचला पडदा आपल्या जागी होता. त्यानंतर भाची आणि अर्जवाले यांच्यात जे झालं ते कुजबुजीत झालं, पण मी ऐकलं.

"काही बोलू नका," ते म्हणत होते. "कदाचित कळणार नाही त्यांना."

"सही माझी आहे त्याखाली," भाची म्हणाली. "त्या आल्या की पहिलं वाक्य मीच बोलणार."

आणि बोलली. परीक्षक बाई तीनला आल्या, बारीक चणीच्या, गळ्यात भिंग. त्यांनी नमस्कार करायच्या आत भाचीनं सांगून टाकलं की अर्जातलं एक वाक्य खोटं आहे आणि दुसरा टप्पा आम्हाला करायचा नाही, कारण नावेतली माणसं इथलीच, खरीखुरी आहेत.

बाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं. वीस मिनिटं तपासणी चालली. आधी पुढून पाहिलं, मग मागं जाऊन पाठ पाहिली. लाल टाक्यापाशी वाकून जरा हसल्या.

"वारसा अनुदान विसरा," शेवटी त्या म्हणाल्या. "मूळ काम हवं, अशी अट आहे. ती मोडता येत नाही."

भाचीनं मान हलवली. कुलूपकाकानं भिंतीला हात टेकला.

"पण सामुदायिक कला नावाचं दुसरं अनुदान आहे. रक्कम निम्मीच. त्यात लोकांनी लोकांचं केलेलं काम लागतं. ही नावेतली माणसं खरी आहेत म्हणता, तर ती कोण होती ते लेखी हवं. ओळखणारा माणूस जिवंत हवा, आणि तो स्वतः चित्रात नसावा. आज पाचपर्यंत. असं कुणी आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

रंगोबानं नाव रंगवली तेव्हा मी चार महिने आईच्या आजारपणात गावाला होते. इथल्या सगळ्यांना त्यानं नावेत बसवलं, मला सोडून. सकाळी टॉर्चच्या उजेडात मी आठही चेहऱ्यांत स्वतःला शोधलं होतं, हे कुणाला सांगायची गरज नव्हती.

"मी आहे," मी म्हणाले. "मी नावेत नाही."

मग मी एकेक सांगत गेले. तिकीटवहिनी. चष्म्यावर दोरा बांधलेले प्रॉम्प्टर. दिवेवाला, याला पायऱ्या मोजायची सवय. चहावाली. पेटीवाले आणि त्यांची न बोलणारी बहीण. कोपऱ्यात टोपी ओढून झोपलेला तो रंगोबाच. बाई लिहून घेत होत्या.

"आणि हा वल्हवणारा? याची तर पाठच आहे."

"हा कुलूपकाका."

"पाठीवरून कसं सांगता?"

"दोर ओढणाऱ्याची पाठच दिसते, बाई."

"मला पुरावा लागेल."

कुलूपकाका पुढं आला, नावेखाली उभा राहिला आणि आमच्याकडं पाठ केली. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली, आणि दोन्ही कान कपाच्या कानासारखे बाहेर. भाचीनं तोंडावर हात धरला. बँडमास्तर मोठ्यानं हसले.

"कान जुळतात," परीक्षक बाई म्हणाल्या आणि लिहिलं.

मग त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. शेवटचा रकाना होता, 'या व्यक्तींशी आपलं नातं'. सख्खं नातं तर कुणाशीच नव्हतं. पेन उघडलं आणि लिहिलं, 'या सगळ्यांचे कपडे मी शिवले आहेत.' खाली सही केली. पाचला दहा कमी होते.

महिन्याभरानं पत्र आलं. वारसा अनुदान बँडमास्तरांच्या ढोलाला गेलं. त्यांनी ते आमच्या दारात येऊन वाजवून सांगितलं. आम्हाला निम्म्या रकमेचं मिळालं. त्यात छत झालं आणि दोर झाले. खुर्च्या राहिल्या. गादीवाल्यानं दुसरीकडं जागा पाहिली.

नवे दोर लागले त्या दिवशी भाचीनं मला पहिल्या रांगेत मध्यभागी बसवलं. एकेचाळीस वर्षांत त्या बाजूला मी कधी बसले नव्हते. बारा वर्षांनी पडदा उचलायचा होता. आमचा पडदा खालून गुंडाळत वर जातो. पायऱ्या गेल्या, पाणी वर सरकू लागलं.

"सुईताई," विंगेतून कुलूपकाकानं विचारलं, "दिसतेय का ती अजून?"

"दिसतेय," मी म्हणाले. "सावकाश ओढ."